मधली वीतभर जागा

मी एक जुनी ताडपत्री आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर मी दोन जुन्या ताडपत्र्या आहे. पूर्वी एकच होते, मग मला मधोमध कापलं. माझा एक तुकडा कालपर्यंत तळमजल्यावर जिन्याखाली पडला होता आणि दुसरा वरच्या मजल्याच्या गच्चीवर. माझा जीव नेमका कुठल्या तुकड्यात राहिला, हे मला अजून कळलेलं नाही. दोन्हीकडचं ऐकू येतं एवढं खरं. आणि दोन्हीकडे माझ्याबद्दल एकच मत आहे, की चांगला तुकडा दुसरीला मिळाला.

तुम्ही छत्र्यांची, फळ्यांची, म्हाताऱ्या बैलांची आत्मवृत्तं ऐकली असतील. ती मंडळी फार भली असतात. झिजतात, राबतात आणि शेवटी सगळ्यांना क्षमा करतात. माझा स्वभाव तसा नाही. माझं काम झाकण्याचं. झाकलं की खाली जे असेल ते एकतर कोरडं राहतं, नाहीतर गुदमरतं. खाली काय ठेवायचं ते माणसं ठरवतात. मी भेदभाव करत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड सुती कापड गरम मेणाच्या हौदातून काढलं, वर काळा रंग चढवला, कडांना पितळी कड्या ठोकल्या. शेवटी तपासणीच्या टेबलावर एक बाई होती. तिनं मला दिव्यासमोर धरलं आणि मागून एक डोळा बारीक करून इंचाइंचानं पाहिलं. मग म्हणाली, "सुईएवढासुद्धा उजेड येत नाही. जाऊ दे पुढं." आयुष्यात माझी झालेली ती पहिली स्तुती. मी ती विसरले नाही.

पुढं बरीच वर्षं मी एका ट्रकवर काढली. साखर झाकली, सिमेंट झाकलं, घर सोडून निघालेल्या लोकांच्या खाटा आणि आरसे झाकले. एकदा भर पावसात कोंबड्यांच्या पिंजऱ्यांवर मला गच्च आवळून बांधलं. मुक्कामाला पोचल्यावर दोर सोडले, तर निम्मे पिंजरे गप्प होते. व्यापारी वाकून बघत म्हणाला, "भिजल्या तर नाहीत ना?" नव्हत्या भिजल्या. एकही पीस ओलं झालं नव्हतं. मला तेव्हा वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. नाही वाटलं. ज्यानं दोर आवळले त्याला वाटायला हवं होतं, आणि तो चहा पीत होता.

ट्रकवाल्यानं पुढं बंद पेटीची गाडी घेतली. मग माझं काम संपलं आणि त्यानं मला घडी करून घरी आणून टाकलं. माझी खरी गोष्ट तिथून सुरू होते.

घर दुमजली होतं. खाली ट्रकवाला आणि त्याची बायको राहायची. ती शिवणाचे वर्ग चालवायची. वरच्या मजल्यावर तिची धाकटी बहीण आणि तिचा नवरा. धाकटी शाळेत भूमिती शिकवायची, आणि तिचा नवरा फरशीच्या दुकानात कामाला होता. घरातले सगळे या दोघींना थोरली आणि धाकटी असंच म्हणत, तेव्हा आपणही तसंच म्हणू. मागच्या खोलीत त्यांचे वडील, अण्णा. त्या खोलीचं दार परसबागेत उघडायचं.

अण्णांनी जन्मभर दुकानदारांचे तराजू दुरुस्त केले. काट्यात केसभर फरक असला तरी त्यांना जेवण जायचं नाही. पोरी लहान असताना त्यांनी घरात एक नियम घातला होता. कुठलीही वस्तू दोघींत वाटायची असेल, तर एकीनं कापायची आणि दुसरीनं आधी निवडायची. पेरू असो, खोडरबर असो, वा पलंगावरची जागा. कापणारी जीव मुठीत धरून सारखं कापायची, कारण मोठा तुकडा आपल्याला मिळणार नाही हे तिला पक्कं ठाऊक असायचं. "माझ्या घरात वाटणीवरून कधी भांडण नाही," असं अण्णा सांगत फिरायचे. थोरली कापायला शिकली म्हणून शिवणात गेली आणि धाकटी मोजायला शिकली म्हणून भूमितीत, असंही ते कौतुकानं म्हणायचे. बिचारे. पेरल्याशिवाय उगवत नाही, हे त्यांनी स्वतःच्या बाबतीत कधी लक्षात घेतलं नाही.

त्यांची बायको आजारी पडली तेव्हा पोरींनी आईचं आजारपणही याच नियमानं वाटून घेतलं. धाकटीनं दिवसाचे दोन भाग पाडले, थोरलीनं सकाळ निवडली. आई गेली ती दुपारी, पाळी बदलायच्या वेळेला. थोरली नुकतीच उठून गेली होती आणि धाकटी अजून खाली आली नव्हती. शेवटचा पाण्याचा घोट कुणी पाजायचा होता, यावरून त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तुटलं. आरडाओरडा झाला नाही. त्या शिकलेल्या होत्या. एकमेकींना काही सांगायचं असलं की दोघी अण्णांना सांगायच्या, आणि दुसरी तिथेच उभी असायची.

मग परसबागेची वाटणी झाली. धाकटीनं नळापासून मागच्या भिंतीपर्यंत दोरी ताणली आणि थोरलीनं बाजू निवडली. माप इतकं चोख होतं, की आईनं लावलेला पिवळा गुलाब बरोब्बर दोरीखाली आला. अर्धा हिचा, अर्धा तिचा. अण्णांना त्या वेळी दोरीचं कौतुकच वाटलं. गुलाबाचं काय होणार हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

आता गवताकडे येऊ. थोरलीनं पाण्याची नळी घालायला बाग खणून घेतली, आणि खड्डे बुजवायला धाकटीनं मातीची गाडी मागवली. त्या मातीतून ते आलं. रुंद, खरखरीत पात, मधोमध पांढरी रेघ, बोट फिरवलं तर रक्त काढणारी धार. अण्णांनी पहिला झुबका पाहिला आणि हसून म्हणाले, "असू दे. पाहुणा आलाय. राहील चार दिवस."

तेव्हापासून घरात त्याला पाहुणा म्हणू लागले. पाहुणा काही जायचं नाव घेईना. वर दिसायचं ते थोडं, खरा कारभार जमिनीखाली. पेरापेराची पांढरी मुळी, टोकाला दाभणासारखी अणी. ती कांद्यात शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायची. अण्णांनी एकदा असा आरपार गेलेला कांदा उपटून दोघींना दाखवला. थोरली म्हणाली, "मातीची गाडी कुणी मागवली ते विचारा." धाकटी म्हणाली, "खड्डे कुणी खणले ते विचारा." कांदा अण्णांच्या हातातच राहिला.

अण्णांनी कुदळ मारली. मुळीचे जितके तुकडे झाले तितकी नवी गवतं उगवली. दोघी बहिणी आपापल्या बाजूचं उपटायच्या आणि कुणी बघत नाही असं पाहून दोरीपलीकडे भिरकवायच्या. पलीकडे ते रुजायचं, वाढायचं आणि जमिनीखालून परत यायचं. दोन घरचा पाहुणा उपाशी, असं म्हणतात. हा पाहुणा दोन्ही घरी पोटभर जेवत होता. उपाशी राहणारा पाहुणा वेगळाच होता. अण्णांचं सकाळचं जेवण थोरलीकडे आणि संध्याकाळचं धाकटीकडे, असं ठरलेलं होतं. त्यामुळे दुपारी भूक लागली तर ते कुणाकडे मागायचं, हे त्यांना कधीच कळलं नाही. ते पाणी पिऊन बसायचे.

एके दिवशी धाकटीचा नवरा म्हणाला, "फरशी घालून टाकू सगळीकडे. माल माझ्या दुकानातून आणतो. एकदाची कटकट मिटेल." ही सूचना थोरलीला पटली. कितीतरी वर्षांनी दोघी बहिणींचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ते बाग मारण्यावर झालं.

अण्णा खुर्चीतून उठले. मी त्या वेळी कोपऱ्यात घडी होऊन पडले होते, म्हणून मला त्यांचे पाय दिसत होते. ते माझ्यापाशी येऊन थांबले.

"एक उन्हाळा द्या मला," ते म्हणाले. "थंडी पडेपर्यंत गवत गेलं नाही, तर घाला फरशी. मी तोंड उघडणार नाही. पण गेलं, तर बाग राहू द्यायची. आणि तुमच्या आईचा गुलाब."

"कसं घालवणार?" थोरलीनं विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्या खाली. उपटायचं नाही, खणायचं नाही. अख्खी बाग हिच्याखाली घ्यायची आणि उन्हाळाभर कुणी कोपरासुद्धा उचलायचा नाही. उजेड नाही मिळाला की मुळी आतल्या आत स्वतःला खाऊन संपते. गुलाब तेवढा आधी काढू, मुळं धुऊ आणि पिंपात लावू."

मित्रांनो, तपासणीवाल्या बाईनंतर माझी किंमत ओळखणारा हा दुसराच माणूस. त्यांनी मला अंगणात उलगडलं, पुसलं, उंदरांनी पाडलेल्या दोन भोकांना ठिगळं लावली. मी भिंतीपासून भिंतीपर्यंत पुरत होते. म्हाताऱ्याचे डोळे चमकले. मला काय, मी एका अंगाखाली अख्खी बाग मारायला तयार होते. एवढं मोठं काम मला ट्रकवर कधी मिळालं नव्हतं.

पण पिंप कुणाच्या बाजूला ठेवायचं, इथूनच सुरुवात झाली.

"पिंप तिच्या बाजूला गेलं, तर गुलाब तिचा झाला," थोरली अण्णांना म्हणाली.

"माझ्या बाजूला नको म्हणावं. उद्या मेला तर मी मारला म्हणायला मोकळी," धाकटी अण्णांना म्हणाली.

"माझ्या खोलीत ठेवतो," अण्णा म्हणाले.

"तुमची खोली तळमजल्यावर आहे, अण्णा. म्हणजे तिचीच," धाकटी म्हणाली.

गुलाब जिथल्या तिथे राहिला. मग माझी पाळी आली. मला थोरलीच्या नवऱ्यानं आणलं होतं, म्हणून धाकटीला मी तिच्या बाजूवर उपकारासारखी पसरलेली नको होते. अर्धी तिच्या हक्काची करून हवी होती. थोरलीही म्हणाली, की फुकट वापरू देण्यापेक्षा कायमची वाटणी बरी. ती आत जाऊन कापडाची मोठी कात्री घेऊन आली.

"अगं, ती अख्खी आहे तोवरच तिचा उपयोग आहे," अण्णा म्हणाले. "मधे फट राहिली की पाहुणा तिथे तोंड काढणार. सगळी मेहनत वाया जाईल."

"नियम तुमचाच ना, अण्णा?" थोरली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "एकीनं कापायचं, दुसरीनं निवडायचं. धरा हे टोक."

आणि त्यांनी धरलं. मला त्याचंच नवल वाटतं. त्यांनी टोक फेकून द्यायला हवं होतं, दोघींच्या मुस्कटात द्यायला हवी होती. त्यांनी दोन्ही हातांनी टोक ताणून धरलं, कारण सैल धरलं तर काप वाकडा जाईल हे त्यांना माहीत होतं. कात्री माझ्या पोटातून कराकरा गेली. धाकटीनं दोन्ही तुकडे टेपनं मोजले आणि त्यातला एक उचलला.

एवढ्यावर भागलं नाही. कापलेली कड उसवेल म्हणून थोरलीनं आपल्या तुकड्याला दुमड घालून शिवण मारली. शिंपीणच ती, उसवती कड तिला बघवेना. मग धाकटीनं अण्णांकरवी निरोप दिला, की माझ्याही तुकड्याला तशीच शिवण हवी. तीही मारली. दोन्ही शिवणींत मिळून वीतभर कापड गेलं. बाग होती तेवढीच होती. मी वीतभर कमी झाले.

"मग भिंतीकडे थोडं उघडं राहू द्या," अण्णा काकुळतीला आले. "तिथलं मी हातानं बघेन. पण मधे दोन्ही तुकडे एकमेकांवर चढवा."

"वर कुणाचा?" धाकटीनं विचारलं.

"कुणाचा का असेना."

"असं कसं? वरचा जिचा असेल ती केव्हाही उचलून बघणार. आमचा खाली दबलेला."

थोरली म्हणाली, "माझा खाली जाणार नाही."

दोघींनी आपापला तुकडा आपापल्या भिंतीला चिकटवून अंथरला आणि कडेनं विटा ठेवल्या. मधे वीतभर जागा उघडी राहिली. नळापासून भिंतीपर्यंत सरळ, आणि तिच्या मध्यावर गुलाब.

त्या उन्हाळ्यात मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. मी तापले. माझ्याखाली पाहुण्याची पात आधी पिवळी पडली, मग पांढरी, मग बुळबुळीत. गांडुळं खोल गेली, जी गेली नाहीत ती शिजली. एक बेडकी अंडी घालायला आत शिरली होती, तिला बाहेरची वाट सापडली नाही. मुळ्या चाचपडत होत्या. त्यांना कोंब फुटायचे, ते माझ्या पोटाला लागायचे, वर काही नाही असं कळलं की वाळून जायचे, मग पुन्हा नवे फुटायचे. दर वेळी आधीपेक्षा बारीक. कुणाची ताकद अशी कणाकणानं सरताना बघायला गंमत येते, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. अण्णा मात्र रोज सकाळी माझ्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "तू तुझं काम करतेयस गं." मला माणसांनी फारसं असं म्हटलेलं नाही.

पण मुळीला डोळे नसले तरी उजेडाची दिशा कळते. दोन्ही बाजूंच्या ज्या मुळ्या फटीजवळ होत्या, त्या तिकडे धावल्या. वीतभर जागेत दोन बागांचं गवत दाटलं. कमरेएवढं झालं. गुलाब त्यात बुडाला.

अण्णा गुडघे टेकून ते काढायला बसू लागले. तराजूची बारीक वजनं उचलायचा त्यांचा जुना चिमटा होता. त्यानं ते मुळीचं पेरन्‌पेर मातीतून वेचायचे, कारण एक जरी राहिलं तरी पुन्हा सुरुवात. खिडक्यांतून दोघींचं लक्ष असायचं.

"अण्णा, तुम्ही तिच्याच बाजूचं काढताय," वरून आवाज यायचा. मग ते या बाजूचं मूठभर काढायचे.

"अण्णा, तिचं तिला काढू दे की. तुम्ही काय तिचे गडी आहात?" खालून आवाज यायचा. मग ते त्या बाजूचं मूठभर काढायचे.

उपटलेल्या मुळ्या टाकायच्या कुठे? थोरलीच्या बादलीत नको, धाकटीच्या बादलीत नको. ते सगळं धोतराच्या ओच्यात घेऊन ते आपल्या खोलीच्या खिडकीत वाळत घालायचे आणि मग जाळायचे. धुराचा वास येतो, अशी दोन्ही मजल्यांवरून तक्रार आली. त्याबाबतीत दुसऱ्यांदा एकमत झालं.

तरीही म्हातारा हरत नव्हता. उन्हाळा सरायला आला तेव्हा फटीतलं गवत घोट्यापर्यंत खाली आलं होतं. गुलाबाला एक कोंब फुटला होता. अण्णांनी तो चिमट्याच्या टोकानं हलकेच सरळ केला आणि बराच वेळ तसेच बसले. त्यांना वाटलं, जमलं. मलाही वाटलं.

त्याच दुपारी ते पडले. उठताना पाय दुमडला आणि ते फटीवर आडवे झाले. कमरेत काहीतरी मोडल्याचा आवाज मी दोन्ही तुकड्यांनी ऐकला. त्यांचं डोकं थोरलीच्या तुकड्यावर होतं आणि पाय धाकटीच्या. मी तापलेली होते. झाकायचं कसं ते मला येतं, थंड व्हायचं येत नाही. त्यांचा गाल माझ्यावर भाजत होता.

त्यांनी हाक मारली. खालून थोरलीनं ऐकलं. घड्याळात बघून ती मशीनवर बसल्या बसल्या म्हणाली, "आता वर द्या हाक. माझं सकाळचं झालं." वरून धाकटीनं ऐकलं. तिला वाटलं, जेवण झाल्याशिवाय थोरली त्यांना सोडत नाही, म्हणजे अजून तिच्याचकडे आहेत. पाळी बदलायची वेळ होती, मित्रांनो. या दोघींची आई गेली तीच.

अण्णांनी तिसरी हाक मारली नाही. कुणाला मारायची हे त्यांना ठरवता येईना.

ऊन कलल्यावर कपडे काढायला थोरली बाहेर आली, तेव्हा तिनं पाहिलं. ती किंचाळली आणि धाकटी धावत खाली आली. दोघींनी मिळून त्यांना उचललं. एकीनं खांद्यापाशी, एकीनं पायांपाशी. तेवढं मात्र दोघींनी न बोलता बरोबर वाटून घेतलं.

अण्णा बरेच दिवस दवाखान्यात होते. फटीकडे कुणी फिरकलं नाही. फट तिचीही होती आणि हिचीही होती, म्हणजे कुणाचीच नव्हती. पाहुण्यानं त्या दिवसांचं सोनं केलं. थंडी पडली तेव्हा माझे तुकडे उचलले. दोन्ही बाजूंची जमीन तळहातासारखी स्वच्छ होती. एक पात नाही, एक जिवंत मुळी नाही. मी दिलेला शब्द पाळला होता. आणि मधोमध, नळापासून भिंतीपर्यंत, हिरवीगार भिंत उभी होती. माना वळवून दोन्हीकडच्या मोकळ्या जमिनीकडे ती बघत होती.

"गेलं नाही," धाकटीचा नवरा म्हणाला. "ठरल्याप्रमाणे फरशी."

फरशीवाला आला. त्यानं गवत कापलं आणि आत गुलाबाचं खोड सापडलं. त्याला अजून हिरवी साल होती. "हे कुणाचं?" त्यानं विचारलं. दोघी बहिणी उभ्या होत्या. माझं म्हणावं, तर खोदून काढून जपायची जबाबदारी आपली. तिचं म्हणावं, तर हक्क सोडला. फरशीवाल्यानं जरा वाट पाहिली, मग गुलाब उपटला आणि राडारोड्यात टाकला. अण्णा खोलीच्या दारातून, चाकांच्या खुर्चीत बसून बघत होते. तोंड उघडणार नाही असा त्यांनी शब्द दिला होता, तो त्यांनी पाळला. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की काही शब्द मोडलेले बरे.

थोरलीनं तांबूस फरशी निवडली, धाकटीनं करडी. आपली फरशी दोरीपलीकडे बोटभरही जाऊ नये आणि तिची अलीकडे येऊ नये, अशी दोघींची सक्त ताकीद. फरशीवाला वैतागून म्हणाला, "मग मधे सिमेंट कुणाच्या खात्यातलं भरू?" मधे दोन बोटांची फट तशीच राहिली.

मला कुणी वाळवलं नाही, पुसलं नाही. ओल्या मातीसकट घडी घातली. एक तुकडा जिन्याखाली, एक गच्चीवर. माझ्या घड्यांत बुरशी धरली. ज्या बाईनं मला उजेडासमोर धरलं होतं, तिनं आज धरलं तर तिला चांदणं दिसेल.

अण्णांची खुर्ची आता रोज फरशीवर असते. कुणाच्या बाजूला ठेवायची, हा वाद त्यांनी स्वतःच मिटवला. एक चाक तांबड्या फरशीवर, एक करड्या, आणि फट बरोबर पायांच्या मधे. पोरी पाळीप्रमाणे येतात, पाणी देतात, जातात. पाहुण्याला त्यांनी चिरडलं, जाळलं, चिमट्यानं वेचलं होतं. एके दिवशी त्याची अणी फटीतून वर आली. अण्णांनी ती पाहिली. त्यांनी हाक मारली नाही. भांड्यातलं उरलेलं पाणी खाली ओतलं.

"काय सांडलं, अण्णा?" थोरलीनं आतून विचारलं.

"काही नाही. चूळ भरली."

तेव्हापासून ते रोज चूळ भरतात. एक दिवस थोडं डावीकडे वाकून, एक दिवस थोडं उजवीकडे. नियम म्हणजे नियम. पहिली करडी फरशी डुगडुगायला लागली, तेव्हा धाकटीनं नवऱ्याच्या मालाला नावं ठेवली. पाठोपाठ तांबडी उचलली गेली. मग दोघींच्या लक्षात आलं, पाण्याचं नव्हे, गवताचं. पाहुणा फरशीखालून दोन्हीकडे निघाला आहे, आणि या खेपेला त्याला जायला वाट उरली आहे ती भिंतींच्या पायातच.

काल सकाळी माझे दोन्ही तुकडे परसात आणले. फटीवर अंथरायचं ठरलं. वर्षानुवर्षं एकमेकींशी न बोललेल्या दोघी बहिणी, माझी एकेक कड धरून, अण्णांच्या खुर्चीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. फट झाकायची, तर एक तुकडा दुसऱ्यावर चढायला हवा.

"वर कुणाचा, अण्णा?" थोरलीनं विचारलं.

"तिला सांगा, माझा खाली जाणार नाही," धाकटी म्हणाली.

अण्णा हसले. पडल्यापासून त्यांना मी हसताना पाहिलं नव्हतं. ते हसू चांगलं नव्हतं, मित्रांनो. मला ते आवडलं, यावरून तुम्ही ओळखा.

"बसा ठरवत," ते म्हणाले. "घाई कुणाला आहे? मला जरा पाणी द्या."

जाता जाता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरी एखादी ताडपत्री असेल, तर तिला वापरल्यावर उन्हात वाळवा आणि मगच घडी घाला. भोक दिसलं की त्याच दिवशी ठिगळ लावा. उंदरांपासून जपा. आणि ती अख्खी राहू द्या. वाटून घ्यायला घरात दुसरं पुष्कळ असतं, आणि तेही वाटायच्या आधी मधे कोण उभं आहे ते एकदा बघा.

पाणी धाकटीनं आणून दिलं, कारण दुपार झाली होती, आणि परत माझी कड धरली. अण्णांनी भांडं डोळ्यांसमोर धरून पाण्याची पातळी पाहिली, जन्मभर तराजूचा काटा पाहिला तशी. बरोबर अर्धं ते प्याले. उरलेलं अर्धं त्यांनी पायांमधल्या फटीत, दोघींच्या देखत, सावकाश ओतलं.

"हा पाहुण्याचा वाटा," ते म्हणाले.

दोघींच्या हातांतून माझी कड सुटली नाही. अजून धरून उभ्या आहेत.